ठकूआत्याचं न दिसणारं कवच

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी भांडत आणि बहुधा जिंकत.

एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कड्यावरून बारा महिने दगड सुटत, कधी लिंबाएवढे, कधी रांजणाएवढे. तरी लोक गाव सोडत नव्हते, कारण त्या मातीत नाचणी अशी यायची की कणसांच्या भाराने ताटं वाकायची. आणि दुसरं कारण म्हणजे गावात ठकूआत्या होती.

ठकूआत्या मनाच्या बळावर कवच धरायची. सकाळी गावातल्या काळ्या कातळावर मांडी घालून बसायची, डोळे मिटायची, आणि घराशेतांवर चादर ओढावी तसं काहीतरी पसरायचं. ते दिसत नसे. दगड मात्र त्यावर थडकून ओढ्याकडे घरंगळत जात. दिवसभराचं धरलेलं कवच दुसऱ्या सकाळपर्यंत टिके. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी अंगावर येणारा एक दगड तिने नुसत्या रागाने अडवला होता. पुढचं सगळं ती चुकतमाकत आपली आपण शिकली. त्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? बाईने स्वतःच्या हिमतीवर काही मिळवलं की काहींच्या पोटात दुखतं. दुखू दे.

कवच कुठवर पोचलं हे बघायची तिची रीत साधी होती. ओंजळभर तूस वर उधळायचं. कवच असेल तिथे ते वरच्यावर चिकटून तरंगत राही. नसेल तिथे सरळ उधळणाऱ्याच्या डोक्यावर येई.

एका वर्षी मळणीच्या तोंडावर गावच्या धोंडजी पाटलाने राजधानीतून केसर नावाच्या बाईला बोलावून आणलं. तीही कवच धरायची. तिचं कवच मोराच्या मानेसारखं निळंहिरवं झळकायचं, आणि राजवाड्यावर ते बघायला जत्रेसारखी गर्दी लोटायची.

"आत्या, तुमचं पण असं दिसतं केलं तर?" पाटील म्हणाला. "लोकांना जरा बरं वाटेल."

"धोंडजी, दगडाला डोळे असतात का रे?"

"नसतात."

"मग उजेड कुणाला दाखवू? तो बघून दगड लाजणार, आणि परत वर चढून बसणार?"

लोक हसले. ठकूआत्या तेवढ्यावर थांबली नाही. तिने आवळ्याएवढा खडा उचलला आणि केसरने धरून दाखवलेल्या झळकत्या कवचावर भिरकावला. खडा आरपार गेला आणि पलीकडे उभ्या पाटलाच्या पागोट्यावर बसला.

"मनाचं बळ मोजकंच असतं, बये. तू सगळं रंगात घातलंस. अडवायला काय उरलं?"

केसरचा चेहरा उतरला, पण ती खोटं बोलली नाही. "राजवाड्यावर दगड पडत नाहीत, मावशी. मला हे कधी कळलंच नाही." मग तिने विचारलं, "पण तुमचं कवच कुठे संपतं ते गावाला कसं कळतं?"

"मला कळतं. तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूआत्या कातळावर बसते न बसते, तोच एक टिटवी येऊन कलकलाट करू लागली.

"म्हातारे, डोळे उघड. तुझं झाकण आखडलंय."

"जा गं, भवाने. तुला काय कळतं कवचातलं?"

"मला अंडी कळतात. खळ्याच्या कडेला माझी चार अंडी आहेत. काल त्यांच्यापासून वीतभर अंतरावर दगड पडला. तिथे शेवटचं तूस कधी उधळलंस?"

ठकूआत्याने डोळे उघडले. खळं गावाच्या पार टोकाला होतं, चढावर. गुडघे धरल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, ती तिकडे फिरकलीच नव्हती. कातळाजवळ तूस उधळायचं, ते चिकटलं की झालं. गाव मात्र तिच्या भरवशावर दरवर्षी त्याच खळ्यात मळणी करत होतं, पोराबाळांसकट. मळणीच्या दिवसांत तिथे दगड आला नाही, हे नशीब.

ती काठी टेकत खळ्यावर गेली. ओंजळभर तूस वर उधळलं. सगळं तिच्या पांढऱ्या केसांवर आलं.

तिने दात आवळून कवच तिथवर ताणलं आणि पुन्हा तूस उधळलं. या वेळी ते चिकटलं. पण खाली शाळेच्या छपरावर एक खडा टणकन वाजला. तिच्या मनाचं बळ आता एवढंच उरलं होतं. इकडे ओढलं की तिकडे उघडं पडे.

उद्या मळणी होती. ती बोलली नसती तर कुणाला कळणारही नव्हतं. गेली पाच वर्षं कुठे कळलं होतं? बोललं तर सत्तर वर्षांची अब्रू जाणार होती, आणि तीही त्या राजधानीच्या बाईसमोर.

"बघतेस काय नुसती?" टिटवी म्हणाली. "मी अंडी उचलून नेऊ शकत नाही. तुझ्या माणसांना पाय आहेत."

ठकूआत्या केसांतलं तूस न झटकताच चावडीवर आली.

"धोंडजी, खळ्यावर माझं कवच नाही. पाच वर्षांपासून नसेल. मी बघायला गेले नाही, ही माझी चूक."

मग ती केसरकडे वळली. "कवच कुठे संपतं, हे तू विचारलंस ते बरोबर होतं. आता सांग, फक्त काठाला, बोटभर, रंग कसा द्यायचा? अंगाला नको. त्याला बळ कमी लागेल ना?"

"अगदी चिमूटभर, मावशी," केसर म्हणाली.

त्या दुपारी गावाभोवती जमिनीवर एक हळदीच्या रंगाची रेघ उमटली. जिथे कवच दाट तिथे ती ठळक होती, जिथे विरळ तिथे फिकी. खळं चांगलं तीस पावलं रेघेबाहेर होतं. ते बघून बायकांनी पोरं जवळ ओढली. कुणी आत्याला बोल लावला नाही. सगळ्यांनी पाट्या उचलल्या आणि दिवस मावळायच्या आत नाचणीच्या पेंढ्या रेघेच्या आत आणल्या.

हलवलेली अंडी टिटवी उबवत नाही, म्हणून ती तेवढी तिथेच राहिली. केसरने टिटवीजवळ बसून, रंगाचा एक कणही न घालता, सुपाएवढं कवच धरलं. ठकूआत्याने त्यावर खडा मारून बघितला. खडा उडून बाजूला पडला.

"जमतंय की तुला," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मळणी ऐन रंगात असताना कड्यावरून एक मोठा धोंडा सुटला आणि जुन्या खळ्याच्या मधोमध आदळला. मळणीचे बैल बांधायची मेढ चिरडली, जमीन हादरली. गाव रेघेच्या आत उभं राहून बघत होतं. धूळ बसली तेव्हा टिटवी चारही अंड्यांवर बसलेली दिसली, आणि नेहमीसारखी भांडत होती.

त्यानंतर रोज सकाळी कुणी ना कुणी रेघेवरून चक्कर मारू लागलं. फिकी जागा दिसली की हाक यायची, आणि ज्याला सवड असेल तो कातळावर ठकूआत्याशेजारी बसून तेवढी जागा धरायला शिकायचा. पाटीलसुद्धा बसला. त्याला फार जमलं नाही, पण बसला. तीन वर्षांनी रेघ पुन्हा जुन्या खळ्याच्या पलीकडे गेली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: राखणीचा झगमगाट कामाचा नाही, पण राखण कुठवर पुरते ते सगळ्यांना दिसलंच पाहिजे.