बाई आणि खुर्ची

सुलभा तासगावकर स्नूकरमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर होत्या, पण वय चव्वेचाळीस. ते वयच स्नूकर संघटनेचे अध्यक्ष रावसाहेब इंगवले यांच्या डोळ्यांत खुपलं. रावसाहेब स्वतः पंचाहत्तरीचे आणि बावीस वर्षं अध्यक्षपदाला चिकटलेले. भर सभेत ते म्हणाले, "बाई, आता पुरे झालं. संघातून तुमचं नाव कमी करतोय. नव्या मुलींना जागा नको का?"

सुलभाबाई उठल्या. "करा की. फक्त आमच्या खेळाची एक रीत सभेला सांगते. जो खेळत असतो तो टेबलापाशी उभा असतो. त्याचा चेंडू हुकला, की त्यानं मुकाट खुर्चीत जाऊन बसायचं."

"हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," रावसाहेब गुरगुरले.

"मग साहेब, तुम्ही बावीस वर्षं खुर्चीत आहात. चेंडू नेमका कधी हुकला, तेवढं सांगा."

सभागृह खदखदून हसलं. रावसाहेब ताडकन उठले आणि तरातरा निघून गेले. नाव कमी करायचा विषय तिथंच बारगळला. सचिवांनी इतिवृत्तात एवढंच लिहिलं : बावीस वर्षांनी अध्यक्ष खुर्चीवरून उठले.