पाहुणे बाजारात गेले

एका गावात एक भोळा फुलमाळी होता. गेनू त्याचं नाव. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळी अडचण तीच होती.

चैत्रात त्याच्याकडे पाहुणे आले. आईचे लांबचे भाऊ तात्यामामा आणि त्यांची बायको, गोदामामी. त्यांच्या मुलाला गेनूची बहीण शेवंता पसंत होती. घरची माणसं तेवढी पाहायची राहिली होती. सगळं नीट पार पडलं, तर संध्याकाळी सुपारी फुटणार होती. शेवंता सकाळपासून तीनदा देवाच्या पाया पडली होती.

संध्याकाळचं पुरण शिजायला वेळ होता. आई म्हणाली, "गेनू, पाहुण्यांना फुलं दाखवून आण. आणि हे बघ, ते म्हणतील ते खरं. उलट बोलायचं नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

निघाले. डोंगराच्या पायथ्याला पळस फुलला होता. पानं नाहीत, नुसती लालभडक फुलं. मामी हरखल्या. "अगं बाई! सगळा डोंगर पेटलाय की!"

मामी म्हणतात म्हणजे खरंच. गेनू विहिरीवर पळाला, बादली भरून आणली आणि ओतली. पळसाखाली मामा उभे होते.

"अरे गाढवा!" मामा धोतर पिळत म्हणाले. "आधी माणसाला विचारावं, मग करावं!"

"बरं," गेनू म्हणाला.

पुढे मोगऱ्याचं शेत लागलं. मामी वास घ्यायला वाकल्या.

"मामी, एक विचारू का?"

"विचार की."

"रागावणार नाही ना?"

"नाही रे बाबा."

"तुमच्या मानेवर मधमाशी बसलीय. उडवू का?"

मामी उत्तर देणार होत्या. त्याआधी किंचाळल्या.

"मेल्या, असलं काही विचारत बसतात होय? अंगावर काही दिसलं की फटकन झटकावं!"

"बरं," गेनू म्हणाला.

मान चोळत मामी आणि ओले मामा विहिरीच्या काठावर टेकले. वर पांगारा फुलला होता. त्याचं एक फूल अलगद मामांच्या फेट्यावर पडलं. फारच शोभत होतं. गेनूने फटकन झटकलं. फूल पडलं. फेटाही पडला. फेटा विहिरीत पडला.

मामांनी वाकून विहिरीत पाहिलं. "पोरगी गुणाची आहे," ते म्हणाले, "म्हणून गप्प बसलोय."

मामी कळवळून म्हणाल्या, "गेनू, अरे रोज फुलं सांभाळतोस ना तू? मग पाहुण्यालाही फुलासारखं जपावं रे!"

गेनूचा चेहरा उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला येणारं काम सांगितलं होतं.

ऊन चढलं होतं. फुलांचा टेम्पो चिंचेखाली उभा होता. गेनूने मागे केळीची पानं अंथरली. "मामा, मामी, इथं सावलीत पडा." दोघं दमली होती, पडली. त्याने वरून ओलं गोणपाट घातलं, हलक्या हाताने पाणी शिंपडलं. गारवा असा, की मामा म्हणाले, "पोरगं वाटतं तितकं वाईट नाही हो." मामी म्हणाल्या, "सुपारी फोडून टाकू." आणि दोघं घोरू लागली.

तिन्हीसांज झाली. गेनू एकटाच घरी आला. आईने सुपारीचं ताट मांडलं होतं. शेवंता नवं लुगडं नेसून दाराआड उभी होती.

"अरे, पाहुणे कुठायत?"

"त्यांना फुलासारखं जपलं, आई."

"म्हणजे काय केलंस?"

"फुलांचं करतो तेच. पाणी मारलं, झाकलं, आणि सुकायच्या आत टेम्पोतून बाजारात धाडलं."

तेवढ्यात फोन वाजला. बाजारात गेनूची फुलं विकून देणारा अडत्या होता. आईने कानाला लावला. ऐकता ऐकता ती खालीच बसली. गोणपाट काढल्यापासून दोन माणसं आरडाओरडा करतायत, असं तो सांगत होता. असल्या घरातली मुलगी फुकट मिळाली तरी नको, असंही ती दोघं म्हणतायत.

शेवंताने पदर तोंडाला लावला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. गेनूला फार वाईट वाटलं. त्याने आईच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस आई," तो म्हणाला. "एवढं ओरडतायत म्हणजे माल ताजा पोचला."