अत्तरवालीचे दोन श्वास

फार मागची गोष्ट. तेव्हा धुकं डोंगर उतरून यायचं आणि गावातल्या ओट्यांवर पाहुण्यासारखं टेकून बसायचं. अशा एका गावात एक अत्तरवाली राहायची. तिच्या दारावरून जाणारा माणूस आपण कुठं निघालो होतो तेच घटकाभर विसरायचा, असा तिथला दरवळ.

तिची एक शेजारीण होती. जिभेवर साखर, डोळ्यांत पाणी, दोन्ही कायम तयार. "बयो, तुझ्याशिवाय मला आहे कोण?" म्हणायची आणि जाताना पदराखाली काहीतरी न्यायची. कधी केवड्याची कुपी, कधी गुलाबपाणी. नाही म्हटलं, की "बदललीस हो तू!" मग अत्तरवाली दिवसभर झुरायची आणि संध्याकाळी स्वतःच कुपी पोचवून यायची.

एका सकाळी शेजारणीनं चंदनतेलाचा बुधलाच मागितला. फुलांचा वास चंदनतेलातच मुरतो, त्यावाचून अत्तर धरत नाही. वर्षाचं तेवढंच उरलेलं, आणि मोगरा दोन दिवसांत फुलणार.

"अख्खा बुधला, अक्का?"

"लेकीचं लग्न आहे गं. जाऊ दे, नको देऊस. माझंच चुकलं, तुला बहीण मानलं."

डोळे वाहू लागले. अत्तरवालीचं डोकं गरगरलं, हात बुधल्याकडे गेला.

आणि थांबला. दहा कुप्या हुंगल्या की नाकही असंच गरगरतं, गुलाब कुठला नि केवडा कुठला कळत नाही. तेव्हा जाणता अत्तरवाला काय करतो? अकरावी कुपी उघडत नाही. आपल्याच कोपराच्या खळगीशी नाक नेऊन दोन श्वास घेतो. नाक ठिकाणावर येतं.

तिनं तेच केलं. उन्हाचा, घामाचा, स्वतःचा साधा वास. धुकं हलल्यासारखं झालं. मग तिला दिसलं, अक्काचे डोळे वाहत होते, पण नजर बुधल्यावरून हलत नव्हती.

"हे काय गं करतेस?"

"काही नाही. अक्का, बुधला मिळायचा नाही. लग्नात सगळ्यांना अत्तर लावायला मी येईन."

"बदललीस हो तू!"

"असेन. गूळपाणी घेतेस?"

शेजारीण ताडकन उठली. उंबऱ्यापर्यंत जाता जाता डोळे कोरडे ठाक! त्या दिवशी अत्तरवाली झुरली नाही.

मोगरा फुलला, अत्तर उतरलं. त्याचा दरवळ धुक्यात मिसळून शेजारणीच्या घरातही गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

तात्पर्य: कुणाच्या रडण्यानं मन गरगरलं, तर आधी स्वतःचे दोन श्वास घ्यावेत, मगच बुधल्याला हात लावावा.