सुगरणीचा नवरा

पक्ष्यांना माणसांचं बोलणं कळायचं, तेव्हाची गोष्ट. तेव्हा मी नव्हते, उगाच माझं वय मोजू नका.

विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यातला नर खोपा विणत होता. खोपा नरच विणतो, मादी फक्त पसंत करते. खालून कुणीतरी म्हणालं, "सुगरणीनं काय घर बांधलंय." झालं, हा रुसला. अर्धा खोपा टाकून फांदीवर जाऊन बसला.

"अहो, अंडी घालायची वेळ आली," मादी म्हणाली.

"विणायचं मी आणि नाव तुझं. नाही विणत जा."

तेवढ्यात खाली शेतीची नोंद घेणारा एक वहीवाला आला. विहिरीलगतच्या वावरात गोदाक्का सकाळपासून कांदा खुरपत होती आणि तिचा नवरा बाभळीखाली बसला होता.

"शेती कोण करतं?" वहीवाल्यानं विचारलं.

"मीच की," नवरा म्हणाला.

"आणि या?" वहीवाल्यानं गोदाक्काकडे बोट केलं.

"ती काही करत नाही. घरीच असते."

गोदाक्कानं ते ऐकलं आणि पुढचा वाफा धरला.

"एवढ्याशावरून तुम्ही घर टाकून बसलात," मादी म्हणाली. "ही रुसली तर?"

नरानं गुपचूप चोचीत गवताची पात धरली.

तेव्हापासून तो विणताना सारखा ओरडत असतो. गोदाक्काचं नाव सांगतो म्हणे. मी काही ऐकलं नाही बाई, मी आपली घरीच असते.