चरा पडलेली तबकडी

ग्रामोफोनवर गाणी वाजत त्या दिवसांपासून बिवलकरांच्या घरी एक तबकडी नांदत होती. गोदाक्कांच्या यजमानांनी ती हौसेनं विकत आणली आणि उंबऱ्यातच हातातून पाडली. तेव्हापासून तिच्यावर एक चरा होता. सुई तिथं आली की ‘पलीकडे, पलीकडे, पलीकडे’ अशी अडकायची. मग कुणीतरी उठून हळूच बोट लावायचं, तेव्हा कुठं गाणं पुढं सरकायचं. तबकडीला त्या चऱ्याची फार लाज वाटे.

एके दिवशी घरात नवा मोबाइल आला. तो म्हणाला, "आजीबाई, माझ्यापाशी लाखो गाणी आहेत. तुमचंही आहे, आणि ते अडकत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. उद्या भंगारवाला यायचा होता आणि तबकडीला दाराशी काढूनही ठेवलं होतं.

संध्याकाळी गोदाक्कांनी मोबाइलवर तेच गाणं लावलं. आवाज अगदी लख्ख होता. ‘पलीकडे’ आलं आणि चुलीपाशी गोदाक्का, पडवीत मुलगा, माजघरात सून, सगळ्यांनी सवयीनं ते तीनदा म्हटलं. गाणं मात्र केव्हाच पुढं निघून गेलं होतं.

"अगंबाई," गोदाक्का म्हणाल्या, "ह्याला आपलं गाणं येतच नाही की!"

त्यांनी दाराशी जाऊन तबकडी उचलली, पदरानं पुसली आणि ग्रामोफोनवर लावली. सुई चऱ्याशी आली, अडकली.

बोट लावायला तिघंही एकदमच उठले.