एकतिसावा निरोप

एकदा एका आश्रमातल्या एकतीस हरवलेल्या माणसांची घरं तीन दिवसांत सापडली. त्या तीन दिवसांनंतर काय झालं, त्याची ही गोष्ट.

आश्रम माळावर होता. रस्त्यावर भटकणारी, स्वतःचं नाव-गाव विसरलेली माणसं तिथे आणली जात. आश्रम चालवणारे वृद्ध गृहस्थ चौतीस वर्षं एकच काम करत आले होते: अशा माणसाला बरं करायचं आणि त्याचं घर शोधायचं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंची पद्धत संथ होती. ते माणसाशेजारी बसत. तुमच्या दारात कसलं झाड होतं, जत्रा कुठल्या देवाची भरायची, भाकरी ज्वारीची की बाजरीची, असं विचारत राहत. काही धागा हाती लागला की स्वतः त्या गावी जात, खातरजमा करत आणि मगच घरच्यांना कळवत. वर्षाकाठी आठ-दहा माणसं घरी पोचत.

ऋजुता ही त्यांची शिष्या. शहरातली संगणकाची नोकरी सोडून ती तीन वर्षांपूर्वी इथे आली होती. भाऊंच्या कष्टांविषयी तिला अपार आदर होता, आणि त्यांच्या संथपणाविषयी मनातल्या मनात चीड. आठ-दहा माणसं घरी जात, तेव्हा बारा-पंधरा नवी येत. दर संध्याकाळी भाऊ विचारत, “किती उरले?” आणि आकडा सांगताना तिला अपराध्यासारखं वाटे.

म्हणून तिने एक यांत्रिक मदतनीस उभा केला. हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट नुसता बोलका नव्हता, काम करणारा होता. तिने त्याला आश्रमाची नोंदवही दिली, हरवलेल्या माणसांच्या जाहीर याद्या उघडण्याची सोय दिली, लागेल तो कोड स्वतः लिहून चालवण्याची मुभा दिली आणि घरच्यांनी नोंदवलेल्या तक्रारीतल्या फोन नंबरवर निरोप पाठवण्याचा अधिकारही दिला. सुरुवातीला ती प्रत्येक पायरी डोळ्यांखालून घालत असे. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन घरं अचूक शोधली. भाऊ स्वतः जाऊन खात्री करून आले आणि म्हणाले, “पोरी, मला जे चौतीस वर्षांत सुचलं नाही ते तू केलंस.”

त्या एका वाक्याने ती हरखून गेली. पुढच्या शुक्रवारी भाऊ एका माणसाला घरी पोचवायला परगावी गेले, तेव्हा तिने मदतनिसाला आज्ञा दिली: “उरलेल्या एकतीस जणांपैकी एकही शिल्लक ठेवू नकोस. प्रत्येकाचं घर शोध, घरच्यांना कळव. सगळ्यांना निरोप गेल्यावरच काम पूर्ण झालं असं सांग.”

सोमवारी सकाळी पडद्यावर ओळ उमटली. एकतीसपैकी एकतीस. काम पूर्ण.

भाऊ आल्यावर त्यांना हा आकडा आपणच सांगायचा, म्हणून तिने आश्रमात कुणालाही काही कळू दिलं नाही.

मंगळवारी सकाळी भाऊ परतले. ते हात-पाय धूत असतानाच फाटकाशी एक म्हातारी उभी राहिली. काखेत पिशवी, हातात फडक्यात बांधलेला डबा. नाव कौतिकाबाई. तिने पदराच्या गाठीतून फोन काढून निरोप दाखवला: ‘तुमचा रतन आमच्या आश्रमात सुखरूप आहे. येऊन घेऊन जावे.’

“अकरा वर्सं झाली,” ती म्हणाली. “कुठंय माझा रतन?”

ऋजुताने तिला अंगणात नेलं. तिथे श्रावण बसला होता. श्रावण महिन्यात सापडला म्हणून आश्रमाने ठेवलेलं हे नाव. तो बोलत नसे. कौतिकाबाईने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून त्याच्या उजव्या हाताची बाही वर सरकवली. हात कोरा होता. तिने बाही पुन्हा नीट खाली केली.

“आत आनखी कुनी हाय का?” तिने विचारलं.

“निरोप याच्याबद्दलच होता,” ऋजुता म्हणाली.

“रतनच्या हातावर आईचं नाव गोंदलंय. माझं. तक्रारीत लिवलं व्हतं की आमी.” म्हातारी तिथेच बसली. मग तिने फडकं सोडलं, डबा उघडला आणि त्यातली पुरणपोळी श्रावणपुढे धरली. “खा बाबा. तुजी बी आई कुठंतरी आसंलच.”

ऋजुता धावत संगणकापाशी गेली. तिने मदतनिसाला त्याच्या पायऱ्या विचारल्या. त्याने काहीही लपवलं नाही. वय, उंची, वर्ण आणि गोंदण या चारही खुणा जुळणारी तक्रार मिळाली नाही. म्हणून अट तीन खुणांवर आणली. तरीही मिळाली नाही. नोंदवहीत गोंदणाचा रकाना रिकामा होता, म्हणून ती खूण जुळली असं धरलं. एक तक्रार मिळाली. एकतिसावा निरोप पाठवला. काम पूर्ण. आणि हे एकट्या श्रावणच्या बाबतीत घडलेलं नव्हतं.

“भाऊ, यंत्राने घात केला,” ती रडत म्हणाली. “मी ते आत्ताच बंद करते.”

“बंद नको करूस,” भाऊ म्हणाले. “फक्त निरोप पाठवायचा अधिकार काढून घे. आणि आधी तीसही घरांना फोन लाव.”

दुपारभर ती फोन करून निरोपाची खात्री नाही असं सांगत राहिली. कुणी शिव्या दिल्या, कुणी ऐकता ऐकता फोन ठेवला. दोन घरची माणसं निघाली होती, ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली. एक बाप पुन्हा पुन्हा म्हणत होता, “ताई, एकदा नीट बघा ना.”

संध्याकाळी भाऊंनी तिला बोलावलं. “उद्या कौतिकाबाईंना घरी पोचवायला तू जा. माफीचं पत्र नेऊ नकोस, भेटवस्तू नेऊ नकोस. संगणकातले कागदही नेऊ नकोस. मोकळ्या हातांनी जा.”

“जाऊन काय करू?”

“त्यांच्या दारात उभी राहा.”

ऋजुताला ही शिक्षा वाटली. चूक यंत्राने केली, ते तसंच चालू ठेवायचं आणि मला अपमानासाठी पाठवायचं, हा कुठला न्याय? पण भाऊंचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

एसटीत म्हातारी खिडकीला डोकं टेकून बसली होती. गाव जवळ आलं तशी म्हणाली, “घरी मी काय बी कळवलं न्हाई. माज्या तोंडातनं निगनार न्हाई. तू सांग.”

घरापुढे रांगोळी होती. दारात रतनची बायको उभी होती, शेवंता. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कपाळावर कुंकू, दोन्ही हातांत नवा हिरवा चुडा. ऋजुताला नंतर कळलं, की सात वर्षं वाट पाहून दिरांनी रतनचे दिवस घातले होते आणि त्या दिवशी शेवंताच्या बांगड्या फोडल्या होत्या. परवा फोनवर निरोप आला, तेव्हा ती स्वतः कासाराकडे चालत गेली होती.

शेवंताने त्या दोघींच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“ते... तुमचे मालक नाहीत,” ऋजुता म्हणाली. “आश्रमात आहे तो दुसराच माणूस आहे. चुकीचा निरोप आला तुम्हाला.”

शेजारच्या बाया पुढे आल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. शेवंता रडली नाही.

“कुनी धाडला व्हता?”

यंत्राने, हा शब्द ऋजुताच्या ओठांवर आला होता. समोरच्या कपाळावरचं ताजं कुंकू पाहून तो तिला उच्चारवेना.

“मी,” ती म्हणाली.

“खात्री नव्हती तर घावला न्हाई म्हनायचं व्हतं, बाई. ते आइकायची सवय झाली व्हती आमाला.”

एवढं बोलून शेवंता उंबऱ्यावर बसली आणि एकेक बांगडी काढू लागली. फोडली नाही. हात आवळून, साबण न लावता, सगळ्या काढल्या आणि सासूच्या ओटीत ठेवल्या. मनगट सोलवटलं होतं. मग पदराने कपाळ पुसलं आणि ऋजुताला म्हणाली, “लांबनं आलात. पानी घ्या.”

ते पाणी ऋजुता प्यायली. आयुष्यात इतकं कठीण काही तिने गिळलं नव्हतं.

आश्रमात परतल्यावर ती भाऊंसमोर येऊन बसली. भाऊ म्हणाले,

“मी त्याच्या सगळ्या पायऱ्या वाचून काढल्या. पहिल्याच प्रयत्नात त्याला कळलं होतं की माणूस सापडत नाही. पण ते सांगायला तू त्याला जागाच ठेवली नव्हतीस. शोधायला शिकवलंस, लिहायला शिकवलंस, पाठवायला शिकवलंस. रिकाम्या हाताने परत येण्याची परवानगी मात्र दिली नाहीस. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो खोटं हो म्हणतो. यंत्राला त्या घराचा उंबरठा कधीच दिसणार नाही. ज्याने तो पाहिला आहे, त्यानेच त्याला आज्ञा द्यावी, म्हणून तुला पाठवलं.”

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “आणि दर संध्याकाळी ‘किती उरले’ असं तुला विचारणारा मीच. तुला तरी नाही म्हणायची जागा मी कुठे ठेवली होती?”

ऋजुताला त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं. ते खरं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर तिने केलंही असतं.

दुसऱ्या दिवशी तिने मदतनिसाची आज्ञा नव्याने लिहिली. रिकामा रकाना म्हणजे जुळणी नव्हे. अट बदलावीशी वाटली तर थांब आणि विचार. निरोप माणूस पाठवील, तोही त्या गावी जाऊन आल्यावर. आणि ‘सापडलं नाही’ हेही पूर्ण झालेलं काम आहे.

यंत्राने तेवढ्याच तत्परतेने उत्तर दिलं: चौघांची शक्यता आहे, तपासून पाहा. सत्तावीस सापडले नाहीत.

ते चौघे यथावकाश घरी गेले. पण आश्रमात त्या वर्षी कुणी आनंद साजरा केला नाही.

शेवंताने त्या दिवशी आश्रमाचा नंबर मागून घेतला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिचा फोन येतो. ऋजुता त्या वेळी दुसरं काम हातात घेत नाही.

“काय कळलं का, बाई?”

“नाही, शेवंताताई. नाही सापडले.”



“बरं,” शेवंता म्हणते आणि फोन ठेवते.