एकशे बारा मागण्यांचं एक होय

"मागण्या एकशे बारा, बाबा. आणि उत्तर एकच द्यायचं. होय, नाहीतर नाही. आता तुम्हीच सांगा, माणसानं काय म्हणायचं?"

बाबा, आमच्या आश्रमाचे गुरू, ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते.

मी भिक्षा घेऊन ओसरीवर चढत होते. विचारणारा कोण ते दारातली गाडी पाहूनच कळलं होतं. श्रीधर मोहोड, आमच्या मतदारसंघाचा आमदार. अपक्ष.

आधीच सांगून टाकते. मला राजकारणातल्या मंडळींचा मनापासून कंटाळा आहे. श्रीधरचा मात्र नाही. सातवीत असल्यापासून तो आमच्या आश्रमात येतो. बाबांजवळ बसून दोन गोष्टी शिकला, पोथी वाचायची आणि खोटं बोलायचं नाही. पोथी पुढं सुटली. दुसरी गोष्ट आमदार होऊनही सुटली नाही, हे मी चार लोकांत सांगेन.

पण ताठा होता. "एकटा नाही म्हणणारा आमदार" असं पेपरात छापून यायचं. कात्रण खिशात ठेवायचा. मला दाखवायचा.

"ठेव बाप्पा," मी म्हणायचे. "फ्रेम करून लाव."

विधानसभेत काय चालतं ते त्यानंच मला एकदा समजावलं होतं. सरकारला वर्षाच्या मधेच जास्तीचा पैसा लागला की मागण्यांचं एक पुस्तक येतं. त्यात रस्ते, दवाखाने, मंत्र्यांचे बंगले, कुणाच्या तरी कारखान्याची भिंत, सगळंच. चार-दोन मागण्यांवर बोलणं होतं. मग वेळ संपते आणि उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकतात. दवाखाना पाहिजे असेल तर बंगल्यालाही होय म्हणा.

"वेगवेगळं विचारा, वेगवेगळं सांगतो," श्रीधर तिथं म्हणायचा. "एकत्र विचाराल तर नाही."

तेरा वेळा नाही म्हणाला. तेराही वेळा मागण्या मंजूर झाल्या. एकट्याच्या नाहीनं कुणाचं काय अडणार?

अडलं होतं. दहा महिन्यांमागं त्या पुस्तकात रक्त धुवायच्या मशिनी होत्या, डायलिसिसच्या. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात यायच्या होत्या. श्रीधर नाही म्हणाला आणि मशिनी दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. ज्याला नको होत्या त्याच्याकडं कशाला पाठवायच्या, असं मंत्री हसत हसत म्हणाले म्हणे.

आणि आता बाबांचं सांगते. बाबांची दोन्ही मूत्रपिंडं वर्षापूर्वी कामातून गेली. सोमवारी आणि गुरुवारी पहाटेच्या एसटीनं अमरावतीला जायचं, चार तास सुया टोचून पडायचं, संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत उतरायचं. तालुक्यातले आठ जण असे जात. त्यात बाबा.

सोमवारी बाबा गेले नाहीत. आज गुरुवार. आजही नाहीत.

"गाडीचे हादरे आता सोसत नाहीत, तानाबाई," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी मला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं. दोन खेपा चुकल्या तर फार तर आठवडा.

यातलं काहीच श्रीधरला सांगायचं नाही, असं बाबा तोंडानं कधी बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडं पाहिलं होतं. बाबांनी पाहिलं की झालं… तेहतीस वर्षांत मी त्यांचा शब्द मोडलेला नाही.

"या वेळी काय आहे त्यात?" बाबांनी श्रीधरला विचारलं.

"मशिनी आहेत, बाबा. पाच. आपल्या रुग्णालयासाठी."

झोळी तशीच हातात राहिली.

"आणि?"

"आणि खैरीचं गायरान. ते सपाट करून एका कंपनीला गोदामं बांधून द्यायची. पैसा सरकारचा. गुरांनी जायचं कुठं, यावर एक ओळ नाही त्यात."

"आणि?"

"आणि बाकी एकशे दहा. नेहमीचंच सगळं."

मंत्र्यांचा माणूस काल त्याच्या घरी येऊन गेला होता. होय म्हणा, नाहीतर निदान गप्प बसा म्हणाला. एकमतानं मंजूर झालं असं पेपरात येऊ द्या. तुमचं 'नाही' ऐकू आलं, तर मशिनी मंजूर होतील पण तुमच्याकडं येणार नाहीत. मत उद्या. शब्द मात्र आजच द्यायचा, सहाच्या आत, नागपुरात समोर येऊन.

"तुझ्या मनात काय आहे?"

"नाही म्हणायचं."

"मग म्हण."

"पण मशिनी, बाबा…"

"मग होय म्हण."

"पण गायरान…"

बाबा हसले. किती दिवसांनी हसले असतील!

"मग आधी जेव," म्हणाले. "तानाबाई, आण."

आमच्या आश्रमाचा एक नेम आहे. पाच घरी जायचं. झोळीत पडेल ते एकत्र पडू द्यायचं. गोड, आंबट, शिळं, ताजं, कालवून एका पात्रात घ्यायचं आणि न निवडता खायचं. हे काढ, ते ठेव, असं करायचं नाही. जिभेचे लाड पुरवायला घर सोडलेलं नाही कुणी.

आता माझं पाप सांगते.

गेला महिनाभर मी निवडत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ नको, डाळ नको, लोणचं नको, केळं तर नकोच, पाणीसुद्धा मोजून. म्हणून गावातून परत येताना मी नाल्याकाठी बसायचे, झोळी उघडायचे आणि बाबांना बाधेल ते सगळं काढून बकऱ्यांपुढं टाकायचे. तेहतीस वर्षांचा नेम रोज मोडायचे. दोष लागला असेल तर लागो. माझी फिकीर मला नव्हती.

पण आज आश्रमाच्या दारात आमदाराची गाडी दिसली आणि नाल्याकाठी बसायचं राहून गेलं. धावतच आले.

पात्रात झोळी रिती केली. भाकरी, भात, तुरीचं वरण, केळ्याचे काप, लिंबाचं लोणचं. सगळं एकमेकांत गेलेलं.

बाबांनी वाकून पाहिलं.

"आज बरं सगळं आलं. महिनाभर गावात कुणी लोणचं घातलंच नव्हतं वाटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मीही हट्टाची. पात्रावर हात आडवा धरला.

"नाही, बाबा. हे तुमच्यासाठी विष आहे."

"विष?" श्रीधर म्हणाला. "काहून?"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा माझ्याकडं पाहत नव्हते. त्यांनी माझा हात बाजूला करायला आपला हात पुढं केला आणि अंगावरचं काळं वस्त्र कोपरापर्यंत सरकलं.

श्रीधरनं तो हात पाहिला. डायलिसिससाठी डॉक्टरांनी जोडून दिलेली, मनगटापासून वर दोरखंडासारखी फुगलेली शीर. सुयांचे काळेनिळे डाग. त्यानं हात धरला आणि दचकला.

"आत काहीतरी घुरघुरतंय…"

"रक्त आहे ते," बाबा म्हणाले. "मी अमरावतीला जातो. म्हणजे, जात होतो."

…

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

श्रीधरनं मनात हिशेब केला. तो त्याच्या तोंडावर दिसत होता.

"म्हणजे मागच्या वेळी… मी नाही म्हणालो तेव्हा…"

"तेव्हा दोनच महिने झाले होते मला. नवा होतो."

तो ढसाढसा रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मलाही आवरेना. बाबा स्वस्थ बसले होते.

"मला सांगितलं काहून नाही, बाबा?"

"सांगितलं असतं तर?"

"होय म्हणालो असतो!"

"माझा हात पाहून?"

"हो! तुमचा हात पाहून!"

"गाडीत आणखी सात हात असतात, श्रीधरा."



बाबांनी पहिला घास घेतला. त्यात लोणचं होतं. दुसऱ्यात केळं.

"निदान निवडून तरी खा!" श्रीधर ओरडला. बाबांवर त्यानं आवाज चढवलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "एका भांड्यात पडलं म्हणून सगळं गिळायचं का? मी सभागृहात तेरा वेळा दुसरं काय बोंबलतोय?"

"खरं आहे तुझं," बाबा म्हणाले.

"मग?"

"हे माझ्या पोटात जातं."

तिसरा घास.

"तुझं 'होय' कुणाच्या पोटात जातं? आणि तुझं 'नाही'?"

…

बाहेर त्याच्या ड्रायव्हरनं उगाच एकदा हॉर्न वाजवला. श्रीधरनं घड्याळ पाहिलं. पाहू नये असं त्याला वाटत होतं, पण पाहिलं.

"बाबा, मी तुमचा आहे. तुम्ही म्हणाल ते म्हणतो. होय की नाही, एक शब्द सांगा."

"मी मरायला टेकलेला माणूस. माझं काय विचारतोस? डोमाजी नेहारे तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मत दिलंय त्यानं तुला. खैरीचा गुराखी आहे. गाडीत माझ्या शेजारी बसतो. त्याचा हात माझ्यापेक्षा वाईट झालाय. आणि गावची सगळी गुरं तो चारतो ती त्याच गायरानावर."

श्रीधरनं बाहीनं डोळे पुसले.

"पाचला गाडी येईल. स्टँडवर जा. त्याला विचार. मशीनही त्याची आणि गायरानही त्याचं."

"आत्ता तीन वाजलेत, बाबा."

"बरं मग."

"सहाच्या आत नागपुरात पोचायचंय. इथून अडीच तास लागतात. पाचपर्यंत इथंच थांबलो तर…"

"तर?"

 

श्रीधर उठला. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. उठवलं तेव्हा त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"ठरलं माझं. उद्या होय म्हणतो. तेरा वेळा तत्त्व सांभाळलं. तुमच्यापुढं ते गेलं खड्ड्यात."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. एरवी कायम ठेवायचे.

"दंडवत, बाबा."

"दंडवत."

मला काय वाटलं, खरं सांगू? आनंद झाला. गायरान जाईना का, गुरं मरेनात का, गोदामं आभाळाला भिडेनात का. मशीन येणार. दवाखाना आश्रमापासून हाकेच्या अंतरावर. महिना लागो, दोन लागोत, तोवर मी बाबांना उचलून अमरावतीला नेईन. बाबा जगतील. डोमाजी बिमाजी माझ्या डोक्यातही नव्हता. असली मी तपस्विनी.

मी पायरीवर जाऊन उभी राहिले. आमच्या आश्रमासमोरच फाटा आहे. डावीकडं एसटी स्टँड, उजवीकडं नागपूरचा रस्ता.

गाडी फाट्यावर जाऊन थांबली.

थांबूनच राहिली. काचेतून श्रीधरचं डोकं दिसत होतं. खाली घातलेलं. मागून एक ट्रॅक्टर आला, ओरडून ओरडून बाजूनं निघून गेला. तरी गाडी हलेना. पाच मिनिटं तरी गेली असतील.

मग उजवीकडचा दिवा लुकलुकला.

मी आत धावले.

"बाबा! येतात आता मशिनी! होय म्हणतोय तो!"

बाबांचं पात्र रिकामं झालं होतं. त्यांनी त्यात पाणी ओतलं, पाचही बोटांनी फिरवलं आणि ते धुवण नेमाप्रमाणं प्यायला उचललं. चांगलं दोन पेले असेल. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला तेवढंच सांगितलं होतं. मी अडवलं नाही… हात पुढं गेलाच नाही माझा.

सगळं प्याले. पात्र खाली ठेवलं.

"गाडी कुठं वळली?"

"नागपूरला."

बाबांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मी घाबरून त्यांच्या छातीकडं पाहायला लागले. श्वास चालू होता.

"मग, तानाबाई… डोमाजीला न विचारताच गेला. आजही तो नाहीच म्हणाला."